खुडूक

मालन गडहिंग्लजला गेली, शकूच्या बाळंतपणाला.
जाताना पिशवी खांद्याला लावून,
उभ्या उभ्या सांगून गेली:
तांबडी खुडूक आहे. खाली तेरा अंडी.
विषमच ठेवतात, सारखी मोजत बसू नका.
डालग्यात लोखंड टाकलंय,
वीज कडाडली की अंडी नासतात.
मनीचे दिवस भरलेत.
दोघींच्या मधे तुम्ही पडू नका.

वडगावात आमची गल्ली मागांची.
सकाळी सहाला पट्टा फिरला की भिंती बोलायला लागतात,
खटक-खट, खटक-खट,
आणि तांबडी मानसुद्धा हलवत नाही.
ह्याच आवाजात अंड्यातून निघालेली ती.
लाइट गेली की मात्र दचकते.
सगळी गल्ली गप्प,
म्हणजे काहीतरी वाईट येतंय.

लोखंड म्हणजे काय, तर माझ्याच जुन्या धोट्याचं टोक.
बत्तीस वर्षं साड्यांतून पळालं,
आता गवतात पडलंय, उबेला.

कोंबडी आणली पलीकडच्या गंगव्वाकडनं, वाट्यानं:
निम्मी पिल्लं तिची, निम्मी आमची.
त्यामुळं की काय,
माझ्या ‘ती ती ती’ला ती ढिम्म.
‘बा बा बा’ म्हटलं की दिवसातनं एकदा उठते,
कण्या टिपते, पाणी पिते,
मुठीएवढी घाण करते
आणि अंडी निवायच्या आत परत.

एका रात्री मोबाईलची बॅटरी अंड्यामागं धरून
आत काय हलतंय बघत होतो,
तर भिंतीवरून गंगव्वा:
“तत्ती मुट्टब्याड्री!”
हात काढला चोरासारखा.
साठीचा माणूस मी.

मनी व्याली माझ्या कांड्यांच्या खोक्यात.
एक काळं, दोन कबरी.
केशरी सूत सगळं ओलं.
शहापूरच्या शेठला काठाचं काय सांगायचं,
हे अजून ठरलेलं नाही.

एकविसाव्या दिवशी आतून टकटक.
अकरा फुटली. दोन नाहीत.
मालनला फोन केला.
ती म्हणाली, इकडं अजून काही नाही,
डॉक्टर आठवडा म्हणतात.

पाचव्या दिवशी नऊ.
डालगं उचलून परत मोजली. नऊच.
मनी पायरीवर तोंड पुसत बसलेली.
खराट्यानं हाणलं.
दुसरा फटका फरशीवर बसला,
पण तोही तिलाच होता.
ती भिंतीवरनं गेली ती रात्रभर आली नाही.

खोक्यात तिघं ओरडत होती.
नंदिनीचं अर्धं पाकीट कोमट केलं,
सुताचा बोळा करून पाजायला बसलो.
तुटलेला धागा अंधारात सांधणारी ही बोटं,
आणि दूध सगळं त्यांच्या हनुवटीवर.

सकाळी गंगव्वानं गटारीकडच्या भोकाशी बोलावलं.
पिवळी पिसं.
चिखलात मुंगसाची पावलं.
ती काही बोलली नाही,
कानडीत नाही, मराठीत नाही.
परसातली एक शहाबादी उचलून दिली, भोकावर ठेवायला.
तिच्या निम्म्याचा हिशेब विचारला नाही.

मनी दुपारी आली,
माझ्या पायाला वळसा घालून खोक्यात गेली.
मी वाटी ठेवली दुधाची.
वाटीला मुंग्या आल्या.
नंतर तांबडीनं चोच बुडवून बघितली
आणि डोकं झाडलं.

संध्याकाळी फोन.
मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
आणि त्याच दमात: “पिल्लं किती?”
“नऊ.”
पलीकडं थोडा वेळ दवाखान्याचा पंखा नुसता.
“मांजरीला मारलं नाही न्हवं?”
“छे,” म्हणालो.

लाइट गेलेली. माग बंद.
तांबडीनं दचकून नऊच्या नऊ पंखाखाली घेतली.
मनी खोक्याच्या कडेवरनं माझ्याकडं बघत होती.
तिला मराठी चांगलं कळतं.